चारची रेघ

हवामानाच्या रडारवाल्या साहेबांचा मोबाइलच्या टॉवरवाल्यावर काडीचा विश्वास नव्हता. दोघांना एकाच लहरींवर संसार करायचा होता, म्हणून साहेबांनीच टॉवरचा जोर निम्म्यावर आणायला लावला होता. तरी रोज दुपारी चारला रडारच्या पडद्यावर गावाकडून एक पांढरी रेघ उमटायची आणि तिच्याआड आभाळात काय चाललंय ते दिसेनासं व्हायचं.

"चोरून जोर वाढवतोय लेकाचा," म्हणत साहेबांनी तक्रार लिहिली आणि ती त्याच्या तोंडावर टाकायला स्वतः टॉवरवर गेले. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा पुढे केला, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली.

तक्रार वाचून टॉवरवाला म्हणाला, "आठ दिवस मीटर घेऊन हिंडलो, साहेब. रेघ तुमच्या घरातून निघते. टॉवरचा जोर उतरल्यापासून तिथे फोन लागत नव्हता. वहिनींनी खिडकीत सिग्नल वाढवायची डबी बसवलीय, ती रोज चारलाच चालू करतात."

साहेबांचा चहा तसाच राहिला. "मग बोलला का नाहीस? परवाना गेला असता तुझा."

"चारला त्यांना लेकीचा फोन येतो. तो माझ्या हातून कसा तोडायचा?"