शेवटचं पाणी

महारुद्र आधी साखर कारखान्याची पोती ट्रकनं मुंबईला न्यायचा. ब्याण्णवच्या दुष्काळात कारखान्यानं त्याला पाण्याचा टँकर दिला, अन् त्याच्या गावच्या, बेंबळीच्या बायका त्याची देवासारखी वाट बघायला लागल्या. तो मात्र हवा भरलेल्या ट्यूबवर अवघडून बसलेला असायचा. "मूळव्याध लई छळती," एवढंच सांगायचा.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मूळव्याध नाही, गुदद्वाराचा कॅन्सर आहे."

महारुद्रानं बायकोचा हात धरला. "सत्यभामा, तुला माझी आण हाय. गावात मूळव्याधच सांग. त्या जाग्याचा कॅन्सर म्हणल्यावर माझ्या मढ्यालाबी लोक हसत्याल."

तिनं मान डोलावली. मग डॉक्टरांनी तिला एकटीला बाहेर बोलावलं. "मुंबईला पाठवलेल्या रक्तात एड्सही निघालाय, म्हणून कॅन्सर असा फोफावला. आता फार दिवस नाहीत. बाई, तुमचंही रक्त तपासावं लागेल."

सत्यभामाला शेजारच्या गावचा ड्रायव्हर आठवला. ह्याच आजारानं तो गेला, तेव्हा शेवटचं पाणी तोंडात घालायलासुद्धा कुणी त्याचा उंबरा ओलांडला नव्हता.

नवऱ्याला दवाखान्यात ठेवून पैशाची सोय करायला ती एसटीनं गावच्या फाट्यावर उतरली. तिथं बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. समद्या उठल्या. "काय निघालं गं महारुद्राला? मूळव्याधीनं माणूस असा वाळतो व्हय? त्या ड्रायव्हरासारखं तर न्हाय ना?"

 

"कॅन्सर! त्या जाग्याचा कॅन्सर झालाय त्यास्नी!" अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ती ओरडली. "दुसरं काय बी न्हाय! तोंडात पाणी घालायला या गं, बायांनो!"