खासदार टेचेरांवरचं कडवं

"माझी टिंगल करायला सांगा त्यांना," खासदार टेचेरा म्हणाले, आणि समोरची तीनशे पानांची फाईल त्यांनी न उघडताच बाजूला सरकवली.

नेलिदा बेंतांकोर यांना वाटलं, आपण चुकीच्या खोलीत आलो. पण दारावरची पाटी बरोबर होती: संस्कृती समिती, अध्यक्ष. नेलिदाबाईंची संस्था बावीस वर्षं एकच कायदा मागत होती. माँतेविदेओ शहराच्या वस्त्यांमधले कार्निव्हलचे मंच पाडून तिथे गाड्या उभ्या करायच्या नाहीत. पाच मंत्री झाले. पाचही जण म्हणाले, पुढच्या अधिवेशनात बघू. तिसऱ्यानं तर निरोप देताना त्यांना भलत्याच नावानं हाक मारली. आता डिसेंबरात विधेयक समितीतून सुटलं नाही, तर मार्चमध्ये ला तेहा वस्तीतला मंच जाणार होता.

"तीन कार्निव्हल झाले, बाई. माझ्यावर एक ओळ नाही," टेचेरा म्हणाले. "महापौरांच्या कुत्र्यावर गातात. मासळी तपासणाऱ्या अधिकाऱ्यावर दोन कडवी. परवा मेहुणा विचारतो, तू अजून संसदेत आहेस का? एक झोंबणारं कडवं द्या. विधेयक पुढे गेलंच समजा."

कार्निव्हलात तोंडं रंगवून गाणारी मंडळी ज्याची सालटी काढत नाहीत, तो पुढारी या शहरात जिवंत धरला जात नाही. नेलिदाबाई तडक ला तेहाच्या मंचावर गेल्या. तिथे 'उशिरा आलेले' या मंडळाची तालीम चालू होती. म्होरक्या पोचो, दिवसा बस चालवणारा, काखेत थर्मास धरून नळीनं कडू चहा ओढत होता.

"बाई, फर्माईशीवर आम्ही स्तुतीसुद्धा करत नाही," तो म्हणाला. "टिंगल तर सोडाच. ती पवित्र गोष्ट आहे."

"अरे, तू उभा आहेस तोच मंच जाणार आहे."

"ठाऊक आहे. पण त्या माणसानं केलंय काय, ते तरी सांगा."

नेलिदाबाईंनी आठवून पाहिलं. मग फाईल चाळली. मंडळातले सतराही जण अगदी मनापासून मदतीला आले.

"घोटाळा?"

"नाही."

"बाहेर कुठे लफडं?"

"घरात तरी कुणी ओळखत असेल का, शंका आहे," झांजवाला म्हणाला.

"झालं तर," पोचो म्हणाला. "काहीतरी केलेल्या माणसाची टवाळी होते. इथे कच्चा मालच नाही."

दुसऱ्या दिवशी नेलिदाबाईंनी हे सगळं टेचेरांना जसंच्या तसं सांगितलं. बावीस वर्षांत प्रथमच त्यांनी एखादी गोष्ट 'माननीय' न लावता सांगितली. टेचेरांचा चेहरा लाल झाला, मग पिवळा.

"काहीच सापडलं नाही?"

"सतरा जण होते, साहेब. सगळ्यांनी प्रयत्न केला."



"काहीतरी मोठं करून बघा," नेलिदाबाई हळूच म्हणाल्या. "मग ते तुम्हाला सोडायचे नाहीत."

टेचेरांनी हात लांब करून फाईल स्वतःकडे ओढली.

डिसेंबर संपायच्या आत कायदा झाला. टेचेरा संसदेत पन्नास मिनिटं बोलले आणि दोनदा टेबलावर मूठ आपटली.

फेब्रुवारीत ला तेहाच्या मंचासमोर दोन हजार माणसं जमली. पहिल्या रांगेत टेचेरा नवा शर्ट घालून बसले, शेजारी नेलिदाबाई. पोचोनं बोट वर केलं आणि नव्या कायद्याचं गाणं सुरू झालं:

"बावीस वर्षं पायऱ्या चढली, गुडघे गेले दोन,
मंत्री बदलले पाच, बाईचा तोच जुना फोन!"

दोन हजार माणसं नेलिदाबाईंकडे वळून हसली. मग त्यांच्या फायलींवर एक कडवं झालं, चष्म्यावर एक, आणि एक नुसतं त्यांच्या चिकाटीवर, सर्वांत दुष्ट. नेलिदाबाई दोन्ही गुडघे धरून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. त्यांचं नाव कुणीही चुकवलं नाही.

टेचेरांवर अवाक्षर नव्हतं.

ते ताठ बसून राहिले. टाळ्या ओसरल्या, मंडळी पुढच्या गाण्याला लागली. तेव्हा ते नेलिदाबाईंच्या कानाशी वाकले.

"बाई," ते म्हणाले, "पुढचा कायदा कुठला आहे तुमच्याकडे?"