फिडलमधला खुळखुळा

वेल्डननं फिडल कानाशी धरून हलवली. मग उलटी करून हलवली. मग पुन्हा कानाशी नेऊन हलवली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ओलेटा, यातला खुळखुळा कुणी काढला?"

त्याची बायको समोरच, ओसरीवरच्या खुर्चीत, मांडीवर परात घेऊन चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. तिला खुळखुळा चांगला ऐकू आला होता, तिन्ही वेळा. हातातली शेंग हातातच राहिली.

वेल्डनच्या बापानं मारलेल्या खुळखुळ्या सापाच्या शेपटीचा तो तुकडा, तेरा कड्यांचा; जवळ कुणी आलं की हा साप शेपटी वाजवून बजावतो. पश्चिम टेक्सासातल्या जुन्या वाजवणाऱ्यांच्या फिडलमध्ये, म्हणजे तिथल्या व्हायोलिनमध्ये, तो असतोच. त्यानं उंदीर लांब राहतात म्हणे, आणि आवाजही गोड होतो. वाजवण्याआधी फिडल हलवून तो ऐकायचा आणि मगच ती हनुवटीखाली घ्यायची. वेल्डननं पन्नास वर्षं तेच केलं होतं.

"मी काढला," ओलेटा म्हणाली. "उंदरांनी कुरतडला होता."

"ज्याला उंदीर भितात तो उंदरांनीच कुरतडला?"

"तुझ्या घरातले उंदीर तुझ्यावरच गेलेत. कुणाच्या बापाला भीत नाहीत."

वेल्डननं पुटपुटत फिडल खिळ्याला अडकवली आणि हॅट शोधायला लागला. गुरांच्या पाण्याच्या टाकीकडे जायची वेळ झाली होती. टाकी अर्ध्या मैलावर, वाटेत नुसते खडक आणि निवडुंग. या मे महिन्यात शेजाऱ्यांना त्याच वाटेवर चार साप दिसले होते. वेल्डन त्यांना हसला होता. 'साप बघायचा नसतो, ऐकायचा असतो,' हे त्याचं वाक्य पंचक्रोशीला पाठ होतं.

त्याला खुळखुळा ऐकूच येत नाही हे खरं सांगावं, तर ते लेकीपर्यंत जाणार. शार्लीननं या दोघांसाठी शहरात दोन खोल्या बघूनच ठेवल्या होत्या, आणि गुरांवाचून हा माणूस तिथं वर्षभरही टिकला नसता. न सांगावं, तर वाटेवर साप. इकडे आड, तिकडे विहीर. तिनं परात खाली ठेवली, जुने बूट पायांत ओढले आणि भिंतीला टेकवलेलं लांब दांड्याचं फावडं उचललं.

"तू कुठं निघालीस?"

"तुझ्याबरोबर. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"मार्चात साप निघायला लागले की तू फाटकाबाहेर पाऊल टाकत नाहीस. सेहेचाळीस वर्षं बघतोय मी."

"म्हणून तर गुडघे धरलेत. चल."

ती पुढं झाली. सापाचं नुसतं नाव काढलं तरी हातपाय गार पडणारी बाई ती. फावड्याचा दांडा तिच्या घामानं ओला झाला होता. मागून वेल्डन शीळ घालत येत होता. वळणावरच्या चपट्या दगडापाशी तिला ते ऐकू आलं, तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखं. ती जागच्या जागी थांबली. वेल्डन येऊन तिच्या पाठीवर आदळला.

"काय झालं?"

"बुटात खडा गेला."

एका हातानं तिनं त्याचा दंड घट्ट धरला, एक पाय उचलला आणि बूट झाडल्यासारखं केलं. डोळे मात्र दगडावरच होते. तिची नजर कुठं आहे ते वेल्डननं पाहिलं आणि तोही तिकडे बघायला लागला.

दगडाच्या सावलीत साप वेटोळं घालून बसला होता, फार तर चार हातांवर. शेपटी उभी होती आणि इतक्या जोरात थरथरत होती की तिची कडी मोजता येत नव्हती. वेल्डन बघत राहिला. बायकोचं बोलणं ऐकू येत होतं, पण तो बारीक खुळखुळाट त्याला ऐकूच येत नव्हता.

थोड्या वेळानं सापानं वेटोळं सोडलं आणि तो निवडुंगाखाली निघून गेला.

"निघाला खडा?" वेल्डननं विचारलं.

"निघाला."

"मोठा होता?"

"चांगलाच."

टाकी भरलेली होती. गुरं पाणी पिऊन गेली होती. परतताना फाटक दिसायला लागलं.

"उद्यापासून रोज येत जा," तो म्हणाला. "आणि पुढं चालत जा. तुझ्या बुटात खडे जातात. मागं राहिलीस तर मला कळायचं नाही."

"आणि शार्लीनला काय सांगायचं?"

"आईच्या बुटात खडा गेला, हे काय लेकीला कळवायचं असतं?"

ओलेटाला त्याची फार माया आली. "हॅट सरळ कर मेल्या," ती म्हणाली, "बुजगावणं दिसतोयस."

ओसरीवर आल्यावर त्यानं फिडल खिळ्यावरून काढली. सवयीनं कानाशी नेली आणि मध्येच थांबला. मग ती ओलेटाच्या कानाशी धरून हलवली.

"आहे?"

"आहे."

तेव्हा कुठं त्यानं फिडल हनुवटीखाली घेतली.