डावा हात

बी.एड.ची शेवटची परीक्षा म्हणजे परीक्षकांसमोर नववीच्या वर्गावर इंग्रजीचा तास. शिकाऊ मॅडमनी आदल्या दिवशीच वर्गाला पढवून ठेवलं होतं. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, नसेल येत त्याने डावा. डाव्यांना उठवणार नाही, निर्धास्त राहा.

कवितेवरचा पहिलाच प्रश्न, आणि अख्ख्या वर्गाचे हात वर. मागच्या बाकावर अवघडून बसलेले परीक्षक खूश दिसले. समोर बसलेल्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो, हे मॅडम मात्र गडबडीत साफ विसरल्या आणि खिडकीजवळच्या अबोल मुलीकडे त्यांनी बोट केलं. चूक लक्षात आली तोवर ती उभी राहिली होती.

मुलीने दोनच वाक्यांत उत्तर दिलं, तेही स्वच्छ इंग्रजीत. परीक्षकांनी मान डोलावली.

तास सुटल्यावर मॅडमनी तिला दारातच गाठलं. "अगं, येत होतं ना तुला? मग डावा हात का वर केलास?"

"डाव्यांना उठवणार नाही म्हणाला होतात."