व्हर्लिनच्या मयताचं जेवण

देवाशप्पथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे.

इथे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनात आम्ही चर्चच्या बायका मयताचं जेवण आधीच रांधून गोठवून ठेवतो. माझ्या नवऱ्याच्या, व्हर्लिनच्या नावाचे वीस ट्रे आमच्या तळघरातल्या मोठ्या फ्रीजरात नऊ वर्षं पडून होते. त्या मेल्यानं ते बाहेर काढले, आत घरच्या बिअरची पिंपं ठेवली आणि झाकणाखाली लाकडी चौकट ठोकून तिच्यात थंड बिअर ओतायचे नळ बसवले. जेवण वितळायला लागलं, म्हणून मी सगळ्या चर्चला जेवायला बोलावलं. पास्टरबाबा सवयीनं व्हर्लिनबद्दल चार शब्द बोलायला उभे राहिले.

"अहो, मी जिवंत आहे!" व्हर्लिन ओरडला.

"मग बसलायस काय? ऊठ, बिअर ओत!" मी म्हटलं.



एवढंच खोटं, की ट्रे त्यानं नाही, मीच बाहेर काढले. नऊ वर्षं वाट बघितली हो, माणसानं किती बघावी!