सकाळचा राम राम

पहाटेच पोश्याच्या बायकोला, रुपीला, कळा सुरू झाल्या. पोश्या फोन घेऊन रेंजच्या खडकावर पळाला, पण आज तिथेही रेंज नव्हती. मोबाइलवरच्या पाड्यांच्या मदत गटावर निरोप काही जाईना. शेवटी चौघांनी रुपीला झोळीत घातलं आणि सूर्यमाळचा डोंगर उतरू लागले. वाटेत तिचं कण्हणं थांबलं, तसे ते झोळी घेऊन धावतच सुटले.

खाली डांबरी रस्त्यावर गटातल्या हेमंतची जीप तोंड फिरवून उभी होती. जीपमधून उतरलेल्या नर्सबाईंनी रुपीची नाडी धरली.

"जीव आहे! आत घ्या!"

"तुला कोणी सांगितलं रे?" पोश्याने हेमंतला विचारलं.

"तूच. रोज सकाळी गटावर राम राम टाकायला कुरकुरतोस ना? आज सगळ्या पाड्यांचा आला. तुझाच आला नाही."