नव्या चपलांची कासवं

शालनने पहिलं कासव केलं ते किनाऱ्यावर वाहून आलेल्या तुटक्या चपलांचं. पाठीवर रंगीबेरंगी तुकडे, तोंडात प्लास्टिकची पिशवी आणि डोळे असे, की बघणाऱ्याला हसूच फुटावं. हसता हसता माणसं समुद्रात कचरा टाकायची थांबतील, असं तिच्या भाबड्या मनाला वाटलं होतं.

कासव रिसॉर्टवाल्यांना भारी आवडलं. पाहुण्यांना विकायला त्यांना दिवाळीआधी शंभर हवी होती. तेवढ्या चपला काही समुद्राने दिल्या नाहीत. मग मॅनेजरने टेम्पोभर नव्या कोऱ्या चपला आणून तिच्या अंगणात ओतल्या.

"दगडावर घासा, जरा जुन्या दिसू देत," तो म्हणाला. "खाली 'समुद्रातला कचरा' असं लिहायचंय ना."

नाही म्हणायचं शालनच्या ओठांवर आलं होतं. पण बचत गटातल्या बाया केव्हाच दगड घेऊन बसल्या होत्या. काम मिळालं म्हणून ओव्या गात होत्या.

अनवाणी भागीकाकीने एक निळी चप्पल पायात सरकवून पाहिली. "अगो, माझ्याच मापाची की."

"राहू दे काकी, घाल ती," शालन म्हणाली.

मॅनेजर खुर्चीतून हसला. "आजी, निळ्या कमीच आल्यात. कासवाला लागतील."

काकीही हसली. चपलेला लागलेली पायाची धूळ तिने पदराने पुसली आणि चप्पल शालनपुढे धरली.

"पुसतेस कशाला गो?" शेजारणीने चिडवलं. "जुनीच तर करायचीय."

शालनने मान खाली घातली आणि ती चप्पल दगडावर घासायला घेतली.